फिजिशियन असिस्टंट करून सरकारी नोकरी लागते का? (भाचीसाठी विचारतोय)

मिरजकर:
नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी सायन्स झाली. नीटचे मार्क असे आलेत की सरकारी एमबीबीएसचं नाव काढायला नको आणि खाजगीची फी ऐकून दाजी जे गप्प बसले ते जेवायला उठलेच नाहीत. आता एका कॉलेजचे रोज फोन चालू आहेत, बीएस्सी फिजिशियन असिस्टंट करा म्हणून, तीन वर्षं शिक्षण एक वर्ष इंटर्नशिप, डॉक्टरच्या खालोखालचं काम, आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापलंय की सरकारी आरोग्य सेवेत उज्ज्वल संधी. ताईला सरकारी हा एकच शब्द ऐकू आलाय.
तर मला एवढंच विचारायचंय की हे पद सरकारात खरंच आहे का, असलं तर कुठल्या पातळीवर लागतात आणि पुढे बढती कशी होते. इथे मेडिकलवाले बरेच आहेत म्हणून धागा काढला. पोरीला स्वतःला ऑपरेशन थिएटरचं फार आकर्षण आहे, हेही सांगून ठेवतो.

ओटीतली:
दादा मी हीच डिग्री केलीये आणि एका खाजगी हॉस्पिटलच्या हार्ट सर्जरी विभागात आहे म्हणून सविस्तर लिहिते.
आपल्याकडे हा कोर्स १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला, डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, आणि गरज होती हार्ट सर्जरीचीच. त्यामुळे आजही आमच्यातले खूप जण कार्डिॲकमध्येच दिसतात. काम म्हणाल तर सकाळी सर्जन यायच्या आधी आयसीयूत राउंड, रात्रभरात ड्रेनच्या नळीतून किती रक्त-पाणी आलं, लघवी किती झाली, पोटॅशियम किती, एक्सरे झाला का, हे सगळं बघून कागद तयार ठेवायचा. मग ओटी. बायपासला पायातली शीर लागते, ती काढायचं काम बऱ्याच ठिकाणी पीए (फिजिशियन असिस्टंट) करतात. तिकडे सर्जन छाती उघडतात, इकडे आपण पायाशी बसून शीर सोडवायची, तिच्या बारीक बारीक फांद्या एकेक करून क्लिप लावायच्या, एक जरी सुटली तर नंतर रक्त सुरू झाल्यावर तिथनं कारंजं उडतं आणि सर्जन वर न बघता फक्त "कोणी काढलीये ही" एवढंच विचारतात :) काम शिकायला मिळतं, मजा येते, हे मी शंभर टक्के सांगेन.
पण सरकारी? माझ्या बॅचमधलं कोणीही या डिग्रीवर सरकारात लागलेलं नाही. आणि खाजगीतही पायऱ्या अशा काही नाहीत हो. ज्युनियर, सीनियर, फार तर चीफ पीए, ते पण ज्या त्या हॉस्पिटलने आपापलं ठरवलेलं. हॉस्पिटल बदललं की पुन्हा नव्याने. आधीच्या एका ठिकाणी माझ्या ओळखपत्रावर चक्क टेक्निशियन छापून दिलं होतं, एचआरला विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये तुमचं पद नाहीये.

घाटावरचा:
नोंदणीचं काय पण? नर्सिंगला कौन्सिल आहे, फार्मसीला आहे, यांना आहे का?

ओटीतली:
२०२१ मध्ये केंद्राने कायदा केला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स. दहा गटांत मिळून ५६ व्यवसाय आहेत त्यात, फिजिशियन असोसिएट किंवा असिस्टंट त्यातलाच एक. राष्ट्रीय आयोग, राज्यात परिषद, तिच्याकडे नाव नोंदवायचं, असा ढाचा आहे. डिग्री किमान ३,६०० तासांची पाहिजे तरच हेल्थकेअर प्रोफेशनल. म्हणजे कागदावर आम्ही आलो, आधी तर तेही नव्हतं.

निवृत्त_टीएचओ:
कागदावर येणे आणि पदावर येणे यात फरक आहे, तो समजावून सांगतो, कारण तालुका आरोग्य अधिकारी म्हणून आयुष्य त्याच फायलींत गेलं.
सरकारी नोकरी डिग्रीतून निघत नाही. आधी पद निर्माण व्हावं लागतं, त्याला वित्त विभागाची मान्यता लागते, मग आकृतिबंधात म्हणजे मंजूर पदांच्या यादीत ते पद बसतं, त्याचे सेवाप्रवेश नियम निघतात, त्या नियमांत शैक्षणिक अर्हता लिहिलेली असते, आणि मग जाहिरात. मिरजकर, तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, यांच्या गेल्या काही वर्षांच्या भरतीच्या जाहिराती काढा आणि अर्हतेच्या रकान्यात बीएस्सी पीए हे शब्द शोधा. माझ्या सबंध नोकरीत तालुक्याला असं पद मी बघितलेलं नाही. प्रा. आ. केंद्रात म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी गट अ, गट ब, औषध निर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, आरोग्य सहाय्यक. यात डॉक्टर आणि नर्स यांच्या मधली पायरी कुठे आहे सांगा. नव्हतीच. ती आली अलीकडे, पण दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या डिग्रीवाल्यांसाठी.

उपकेंद्रवाला:
काकांनी माझ्याबद्दलच लिहिलंय :) मी बीएएमएस, सातपुड्याच्या पट्ट्यात एका उपकेंद्रावर सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे.
२०१८ ला आयुष्मान भारत आलं तेव्हा देशात दीड लाख उपकेंद्रं आणि प्रा. आ. केंद्रं हेल्थ अँड वेलनेस सेंटर करायची असं ठरलं, आता बोर्डावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं. तर उपकेंद्राला एक सीएचओ. आपल्या राज्यात बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएस्सी नर्सिंग यांना घेतात, वर सहा महिन्यांचं ट्रेनिंग. बीएस्सी पीएवाल्यांना यात अर्ज करता येत नाही हे आधीच सांगतो, कारण कॉलेजवाले बहुतेक हेच दाखवून "सरकारी मिड लेव्हल पद" म्हणत असणार.
पैशाचं म्हणाल तर महिना २५,००० ठरलेले आणि वर १५,००० पर्यंत कामगिरीवर. हे कामगिरीवालं प्रकरण फार गमतीशीर आहे. इंडिकेटरची यादी असते, ओपीडी किती, तीस वर्षांवरच्या किती लोकांची बीपी शुगर तपासली, गरोदर मातांच्या नोंदी, टीबीचे संशयित, टेलिकन्सल्टेशन किती केले. आता ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायला नेटवर्क लागतं ना. माझ्या उपकेंद्राच्या मागे एक टेकाड आहे, तिथे रेंज येते, खाली येत नाही. म्हातारबाबाला खाली खुर्चीवर बसवायचं, बीपी घ्यायचं, आकडा घेऊन मी वर चढणार, फोन लागेपर्यंत बाबा कंटाळून घरी. तो कन्सल्ट मोजला जात नाही, मग त्या महिन्याला तेवढे पैसे कमी. काम केलं नाही म्हणून नाही, काम पोर्टलवर चढलं नाही म्हणून.
अधिकार किती? ब्लडप्रेशरचा पेशंट मी शोधायचा, पण गोळी पहिल्यांदा सुरू करणार एमओ म्हणजे वैद्यकीय अधिकारी. नंतर दर महिन्याला ॲम्लोडिपिन मी देणार, बीपी बघणार, वाढलं तर परत वर पाठवणार. मला हे पटतं खरं तर. लोकांना तालुक्याला जायला अख्खा दिवस आणि मजुरी जाते, ती वाचते. डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाटीला पाच हजार, म्हणजे घरटी माणूस ओळखीचा होतो.
आता बढती. शून्य. सीएचओच्या वर सीएचओच. सात वर्षांचा सीएचओ आणि कालचा सीएचओ, पद तेच.

घाटावरचा:
पण कंत्राटींना कायम करणार होते ना? मोर्चे काय, संप काय.

उपकेंद्रवाला:
मार्च २०२४ चा शासन निर्णय आहे, एनएचएममध्ये म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात १० वर्षं पूर्ण झालेल्यांच्या समायोजनाचा. सीएचओ हे पदच २०१८ नंतरचं, तेव्हा आमच्यात दहा वर्षं कोणाची भरणार. ऑगस्ट २०२५ मध्ये संप झाला त्यात आम्ही होतोच. तोपर्यंत ११ महिन्यांची ऑर्डर, मधे ब्रेक, परत ऑर्डर.

निवृत्त_टीएचओ:
या मधल्या पायरीचं आपल्या देशात कायमच असं झालेलं आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला एलएमपी डॉक्टर आठवत असतील, लायसेन्शिएट, कमी मुदतीचा कोर्स, पण खेडोपाडी तेच होते. १९४६ ला भोर समितीने सांगितलं की डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, एमबीबीएस. समितीतल्याच काही सदस्यांनी वेगळं मत लिहून ठेवलं होतं की माणसं पुरणार नाहीत. पण एलएमपी बंद झाले.
मग छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा कोर्स काढला, विरोध एवढा झाला की काही बॅचनंतर गुंडाळला, बाहेर पडलेल्या मुलांना रूरल मेडिकल असिस्टंट म्हणून प्रा. आ. केंद्रांवर घेतलं. आसामने २००४ च्या कायद्याने जोरहाटला तीन वर्षांचा डिप्लोमा सुरू केला. गुवाहाटी हायकोर्टाने २०१४ मध्ये तो कायदा रद्द केला, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये तेच कायम केलं, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राच्या हातात. मात्र त्या मुलांसाठी आसामने २०१५ मध्ये जो वेगळा कायदा केला तो टिकला, म्हणून त्यांच्या नोकऱ्या वाचल्या. बघा, पोरं तीच, शिक्षण तेच, आणि सगळं लटकलं होतं ते कायद्याच्या एका कलमावर.
आणि २०१९ च्या एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातलं कलम ३२ वाचा, कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित परवाना, एकूण परवानाधारक डॉक्टरांच्या एक तृतीयांशापर्यंत. त्यावर आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने देशभर संप केला होता.

खडूस_रेसिडेंट:
संप बरोबरच होता. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं पीजी, वर बॉण्ड, आणि सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर माणूस औषधं लिहिणार? शहरात डॉक्टर आणि गावात डॉक्टरसारखा कोणीतरी, असं का? आधी प्रा. आ. केंद्रात राहायला क्वार्टर द्या, गळकं छप्पर दुरुस्त करा, मग म्हणा डॉक्टर गावात येत नाहीत.

उपकेंद्रवाला:
क्वार्टरचं शंभर टक्के मान्य. पण साहेब उपकेंद्रावर एमबीबीएस कधीच नव्हता, तुमचं कोणीही काही काढून घेतलेलं नाही. तिथे एक एएनएम म्हणजे आरोग्य सेविका ताई होत्या, त्या वीस वर्षं एकट्याने गाव सांभाळत होत्या. खरं तर नाराज व्हायचा हक्क त्यांना आहे, मी काल येऊन खुर्चीवर बसलो.

टेक्सासची_मावशी:
मी इकडे अमेरिकेत पीए आहे आणि व्हीए म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात काम करते. मिरजकरांनी पातळ्या विचारल्यात तर इकडचं सांगते, तुलनेला बरं पडेल.
मुळात हा व्यवसायच सैन्यातून आला. व्हिएतनामच्या काळात नौदलातून सुटून आलेले मेडिकल कोअरमन होते, हातात कसब भरपूर, पण बाहेर कुठलीही डिग्री नाही. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये त्यातल्या चौघांना घेऊन वर्ग सुरू केला, तिघं १९६७ ला पास झाले. आणि व्हीए तेव्हापासून पीए घेतंय.
आता पात्रता म्हणजे चार वर्षांची डिग्री, पेशंटसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे तास (बऱ्याच कॉलेजांना हजाराच्या वरच लागतात), मग दोन-अडीच वर्षांचं मास्टर्स, तेही एआरसी-पीएची मान्यता असलेल्या कॉलेजातूनच, आणि शेवटी पीएएनसीई ही राष्ट्रीय परीक्षा. सर्टिफिकेट चालू ठेवायला दर दोन वर्षांत १०० तास शिक्षण आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा परीक्षा. आता हे नीट वाचा बरं का, आपल्याकडची बीएस्सी पीए घेऊन इकडे या परीक्षेला बसता येत नाही. इकडचा कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. एजंट लोक उलट सांगतात.
व्हीएत पायऱ्या कायद्यातच लिहिलेल्या आहेत, असोसिएट, फुल, इंटरमीडिएट, सीनियर, चीफ आणि त्याच्याही वर. कोणाला कुठे बसवायचं हे एकटा साहेब ठरवत नाही, तुमची फाईल बोर्डापुढे जाते, आणि त्यात तुमच्याच व्यवसायातले लोक असतात. अनुभव, शिक्षण आणि जबाबदारी किती मोठी हे बघतात. मला आधीच्या खाजगी अनुभवामुळे खालून सुरुवात करावी लागली नाही, पण त्यासाठी जुन्या नोकरीत काय काय केलं ते पानंच्या पानं लिहून द्यावं लागलं, कुठल्या आजाराचे पेशंट स्वतः सांभाळले, कुठली प्रोसिजर केली, कोणाला शिकवलं. नुसतं "क्लिनिकमध्ये काम केले" लिहिलं असतं तर दोन पायऱ्या खाली बसले असते. सैन्याची हॉस्पिटलं, तुरुंग, आदिवासींची आरोग्य सेवा यांच्याकडे वेगळी पद्धत, तिकडे केंद्र सरकारची जीएस ही वेतनश्रेणी आणि पीएच्या पदाचा ०६०३ हा क्रमांक.
पगार बाहेरच्यापेक्षा कमी पडायचा म्हणून लोक सोडून जायचे. २०१७ च्या कायद्यात नर्सेससारखं आम्हालाही स्थानिक बाजाराप्रमाणे वेतन लावायचं ठरलं, मग जरा बरं झालं. आणि हो, नागरिकत्व आधी बघतात, लायक नागरिक मिळालाच नाही तरच बाकीच्यांचा विचार.
काम? माझे स्वतःचे ठरलेले पेशंट आहेत. मी, एक नर्स, एक मदतनीस नर्स आणि एक क्लार्क अशी टीम. डॉक्टर त्याच मजल्यावर असतात, अडलं की विचारते. सकाळी कॉम्प्युटर उघडला की आधी लाल अक्षरातले रिमाइंडर, याची डोळ्यांची तपासणी राहिली, त्याला डिप्रेशनचे प्रश्न विचारायचे राहिले. उपकेंद्रवाल्या भाऊंचं पोर्टल वाचून मला हसूच आलं, ते इकडेही सुटलेलं नाही, फक्त रेंज येते.

कधीतरी_लंडन:
इंग्लंडचं थोडक्यात टाकतो. एनएचएसमध्ये म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत पीए बँड ७ या वेतनश्रेणीला लागायचे आणि नवीन डॉक्टरचा पगार त्याहून कमी, तिथून ठिणगी पडली. शिवाय त्यांना औषधं लिहायचा आणि एक्सरे मागवायचा अधिकार नाही, म्हणजे सही शेवटी त्याच कमी पगाराच्या डॉक्टरची. डिसेंबर २०२४ पासून जीएमसी या डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेकडे त्यांची नोंदणी सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या प्रा. लेंग यांचा अहवाल आला, त्यात सांगितलं की निदान न झालेला पेशंट सरसकट पीएने बघू नये, पहिली दोन वर्षं हॉस्पिटलातच काढावीत. जी मुलं थेट जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे काम करायचं ठरवून शिकली होती ती अडकली. म्हणजे पद आहे, ग्रेड आहे, नोंदणी आहे, तरी डोक्यावर टांगती तलवार.

खडूस_रेसिडेंट:
बघा. तिकडेही तेच म्हणतायत.

टेक्सासची_मावशी:
तिकडे पगाराची उतरंड आधी ठरली आणि कामाची हद्द नंतर आखायला घेतली. इकडे हद्द पहिल्यापासून लेखी असते, माझं स्कोपचं म्हणजे कामाच्या हद्दीचं पत्रक आहे, त्याच्या बाहेरचं केलं तर माझी नोकरी जाईल आणि डॉक्टरांनाही जाब विचारतील. भांडण पीए असण्याशी नाही हो.

मिरजकर:
बापरे, धागा एवढा जाईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे भाचीने आणि मी बसून जाहिराती शोधल्या, बीएस्सी पीए कुठेच सापडलं नाही. मग कॉलेजात गेलो. काउंटरवरच्या मॅडमना म्हटलं सरकारी संधी छापलंय तर एखादी जाहिरात दाखवा. त्यांनी मोबाईलवर जी दाखवली ती सीएचओचीच होती!! भाचीनेच खाली बोट ठेवून दाखवलं की मॅडम इथे बीएएमएस आणि बीएस्सी नर्सिंग लिहिलंय. मॅडम म्हणाल्या पुढे मागे येईल की.
आता घरात दोन पार्ट्या. ताई म्हणते बीएस्सी नर्सिंग, पोरगी म्हणते ओटी पाहिजे.

निवृत्त_टीएचओ:
सरकारीच हवं असेल तर नर्सिंगला आजघडीला जिना बांधलेला आहे. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. बढत्या वेळेवर होतात असं मी म्हणणार नाही, पण पायरी कुठे आहे ते ज्येष्ठता यादीत दिसतं, आणि यादी चुकली तर मॅटमध्ये म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. शिवाय एम्सच्या परीक्षा, सैन्याची नर्सिंग सेवा, सीएचओ, सगळी दारं त्याच डिग्रीने उघडतात.

ओटीतली:
आणि ओटी नर्सिंगमधूनही मिळते की, स्क्रब नर्स काय कमी असते का! फक्त शीर काढायला मिळणार नाही :) पीए करायचंच ठरलं तर खाजगीच धरून चाला आणि कॉलेजला हे विचारा की इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, तिथे हार्टची किंवा मोठी ऑपरेशनं खरंच होतात का, विद्यापीठ कुठलं, आणि अभ्यासक्रम २०२१ च्या कायद्याखाली जो नवा आलाय तोच शिकवतात का. इंटर्नशिपचं तर हॉस्पिटलात जाऊन बघा, कॉलेजच्या भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका. काही ठिकाणी वर्षभर डिस्चार्ज समरी टाइप करून घेतात आणि ओटीत उभंसुद्धा करत नाहीत.
भाचीला हवं तर मला निरोपातून नंबर पाठवायला सांगा, रविवारी दुपारी निवांत असते मी.

मिरजकर:
पाठवतो ताई. भाची आत्ता शेजारी बसून वाचतेय, पायाशी बसून शीर काढायचं वाचलं तेव्हापासून तिच्या आईचं काही चालेना झालंय. तरी नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरून ठेवतोय. दाजींनी फीचे पैसे तेवढे लगेच काढून दिले.

घाटावरचा:
फॉर्म भरताना जात पडताळणी आणि नॉन क्रिमिलेयर आधी बघून घ्या, आमच्याकडे दोन्ही तयार नव्हतं, ऐन वेळी तहसीलला हेलपाटे झाले.